गोव्यात काम, तर हिशेब गोव्याचा : पगारपत्रक, किमान वेतन आणि कर तपासण्याची पद्धत

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की आपण शेवटचा आकडा बघतो आणि मोबाइल खिशात टाकतो. पगारपत्रक, म्हणजे सॅलरी स्लिप, उघडून बघणारे थोडे. अनेकांना ती मिळतही नाही आणि मागायचं सुचतही नाही. खरं तर पगाराबद्दलची बहुतेक भांडणं त्या एका कागदावर सुटतात. म्हणून हा लेख वाचताना शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक हाताशी ठेवा. तुम्ही मालक असाल तर तुमच्या कामगाराला देता ती स्लिप घ्या. देत नसाल तर तुमच्यासाठीचा भाग खाली आहे, पण आधीचंही वाचा.

आधी तीन प्रश्न : काम कुठं, खातं कुठलं, माणसं किती

कुठलाही दर किंवा नियम शोधायच्या आधी या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. निम्मा घोळ इथंच मिटतो.

पहिला प्रश्न कामाच्या जागेचा. तुमचं घर बांद्याला असो, दोडामार्गला असो की सावंतवाडीला, आणि कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात असो वा बेळगावात, तुम्ही रोज पत्रादेवी ओलांडून तुयेच्या किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येत असाल तर तुमचं किमान वेतन गोव्याचं. आधार कार्डावरचा पत्ता इथं कामाचा नाही. उलटही तेवढंच खरं. पेडण्याचा मुलगा सिंधुदुर्गातल्या हॉटेलात नोकरी करत असेल तर त्याला महाराष्ट्राचे नियम.

दुसरा प्रश्न, तुमच्या उद्योगाचं ‘समुचित सरकार’ कुठलं, म्हणजे कामगार कायद्यांपुरतं तो राज्याकडे येतो की केंद्राकडे. बहुतेक कारखाने, हॉटेलं, दुकानं, बेकऱ्या, शॅक, खासगी शाळा आणि इस्पितळं राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. त्यांचं कार्यालय म्हणजे कामगार आणि रोजगार आयुक्तालय, पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात. खाणी, मुरगाव बंदर, रेल्वे, बँका, विमा कंपन्या आणि विमान वाहतूक हे मात्र केंद्राकडे. त्यांचे किमान वेतनाचे दर केंद्र जाहीर करतं आणि तक्रारही केंद्रीय कामगार खात्याच्या वास्कोतल्या कार्यालयात करायची. खाणीवर कंत्राटदाराकडे काम करणारा माणूस राज्याच्या कार्यालयात खेटे घालतो आणि महिन्याभरानं त्याला कळतं की दार चुकलं. हे फार वेळा होतं.

तिसरा प्रश्न माणसांच्या संख्येचा. किमान वेतन आणि वेळेवर पगार यांना संख्येची अट नाही. गाड्यावर एकच पोरगा ठेवला असेल तरी ते लागू. १० माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम, २० झाली की भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ, आणि बोनस. १० किंवा जास्त कामगार असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही बंधनकारक. यात कंत्राटदाराची माणसंही मोजली जातात. ‘आमची नऊच आहेत, बाकीची कॉन्ट्रॅक्टरची’ हे उत्तर तपासणीत टिकत नाही.

प्रोफेशनल टॅक्स : स्लिपवरची ती २०० रुपयांची ओळ

गोव्यात पगारावर राज्य सरकारचा प्रोफेशनल टॅक्स नाही. एवढं एक वाक्य ठाऊक असतं तर वेर्ण्यातल्या आणि कुंडईतल्या कितीतरी लोकांचे वर्षाचे २,५०० रुपये वाचले असते.

घोळ कसा होतो ते बघा. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांवर पगार असलेल्या पुरुषाकडून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफी आहे. वर्षाची बेरीज २,५०० होते, आणि राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. कर्नाटकातही हा कर आहे, तिथं तो २५,००० पासून सुरू होतो. गोव्याच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे कर, मध्ये गोवा मोकळा. मुख्य ऑफिस मुंबईत किंवा पुण्यात असलेल्या कंपनीच्या पेरोल सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच साचा लावलेला असतो. त्यात गोव्यातल्या माणसाची नोंदही ‘महाराष्ट्र’ म्हणूनच होते आणि दरमहा २०० रुपये निमूटपणे जातात.

हा कर तुम्ही कुठं राहता यावर नसतो, कुठं नोकरी करता यावर असतो. त्यामुळे सावंतवाडीहून रोज गोव्यात येणाऱ्यालाही तो लागत नाही. कपात दिसली तर एचआरला दोन ओळींचा मेल टाका : माझं कामाचं ठिकाण अमुक, गोवा राज्य, नेमणुकीची तारीख अमुक. गोव्यात पगारावर प्रोफेशनल टॅक्स नसल्यानं ही कपात थांबवावी आणि आतापर्यंतची रक्कम परत करावी. सोबत नेमणूकपत्राचं किंवा बदलीच्या आदेशाचं ते पान जोडा. पुढच्या महिन्यापासून कपात थांबवणं कंपनीला सोपं असतं. मागची रक्कम परत मिळवायला पाठपुरावा लागतो, कारण ती दुसऱ्या राज्याच्या तिजोरीत गेलेली असते. पण ती चूक कंपनीची, तिचा भुर्दंड तुम्ही सोसायचं कारण नाही.

नोकरदारापुरतं बोलायचं तर राज्याच्या नावानं पगारातून जाणारी रक्कम एकच, कामगार कल्याण निधीची. १९८६ च्या गोवा कामगार कल्याण निधी कायद्याखाली सहा महिन्यांतून एकदा कामगाराचे ६० रुपये आणि मालकाचे १८० रुपये भरले जातात. जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर ही कपात दिसते. दरमहा ६० कापत असतील तर विचारा.

किमान वेतन वाचायचं कसं

गोव्याच्या दरपत्रकात दोन रकाने असतात, मूळ दर आणि महागाई भत्ता. मूळ दर काही वर्षांनी बदलतो. महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना तक्ता बघून भांडायला जाऊ नका. कामगार आयुक्तालयाचं त्या सहामाहीचं परिपत्रक काढा आणि त्यात आपला प्रकार शोधा : अकुशल, अर्धकुशल, कुशल, कारकुनी. प्रकार ठरतो प्रत्यक्ष कामावरून. हुद्द्याच्या नावावरून नव्हे. स्वयंपाकघरात एकट्यानं तंदूर सांभाळणारा माणूस कागदावर ‘हेल्पर’ असला म्हणून अकुशल होत नाही.

दर दिवसाचा असतो. महिन्याचा काढताना २६ नं गुणायचं, कारण आठवड्याची सुट्टी त्यात धरलेली असते.

इथं काही जुने गैरसमज आहेत. टीप हा गिऱ्हाइकानं खूष होऊन दिलेला पैसा. तो किमान वेतनात धरता येत नाही. ‘टिपा चांगल्या मिळतात ना, मग पगार कमी’ हे कळंगुट-बागा पट्ट्यातलं आवडतं वाक्य कायद्याला मान्य नाही. तसंच ‘ट्रेनी’ हा शब्द. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली रीतसर नोंद झालेला शिकाऊ उमेदवार असेल तर त्याचा विद्यावेतनाचा हिशेब वेगळा. नुसत्या पत्रावर ट्रेनी लिहून सहा महिने पूर्ण काम करून घेतलं, तर किमान वेतन द्यावंच लागतं. नगावर मजुरी असेल, जशी काजूच्या फॅक्टरीत काजू फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बायकांना किलोवर मिळते, तरी त्यांनाही किमान वेतनाचं संरक्षण आहे. किलोचा दर असा हवा की दिवसभराच्या नेहमीच्या कामातून तेवढी कमाई निघेल.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतर काय बदललं

त्या दिवशी केंद्राच्या चारही कामगार संहिता अमलात आल्या. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन हे चार जुने कायदे २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाले. जुने नियम आणि अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात. म्हणजे गोव्याचे किमान वेतनाचे दर रद्द झाले, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं.

पगारदारासाठी सगळ्यात मोठा बदल ‘वेतन’ या व्याख्येत आहे. आजवर कंपन्या बेसिक, म्हणजे मूळ पगार, मुद्दाम कमी ठेवायच्या आणि उरलेलं घरभाड्यात, प्रवास भत्त्यात पसरवायच्या, कारण ग्रॅच्युइटी आणि पीएफचा हिशेब बेसिकवर होतो. आता घरभाडं, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफ यांसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरला जातो.

उदाहरण घेऊ. एकूण ५०,०००. बेसिक १८,०००, घरभाडं २०,०००, प्रवास ९,०००, विशेष भत्ता ३,०००. वगळण्याजोगं झालं २९,०००, निम्मे होतात २५,०००. म्हणजे ४,००० जादा. विशेष भत्ता वगळायच्या यादीत नाही, तो वेतनातच. आता वेतन किती? १८,००० अधिक ३,००० अधिक ४,०००, म्हणजे २५,०००. हा माणूस सहा वर्षांनी नोकरी सोडेल तेव्हा ग्रॅच्युइटी काढायची रीत अशी : वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. नुसत्या बेसिकवर ती ६२,३०८ रुपये होते, नव्या व्याख्येनं ८६,५३८. चोवीस हजारांचा फरक एका व्याख्येनं पडला.

‘आता हातात कमी पगार येणार’ अशी भीती बरीच पसरली होती. कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच भरत असेल, म्हणजे तुमचे १,८०० रुपये कापत असेल, तर त्यात काही बदलत नाही.

पगाराच्या तारखाही आता स्पष्ट आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. रोजंदारीचा त्या दिवसाचं काम संपताना. नोकरी सोडली किंवा काढलं तर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ ही पद्धत वेतनाला लावता येणार नाही. ग्रॅच्युइटीला मात्र ३० दिवसांची मुदत आहे.

जादा तास आणि कपाती

ठरलेल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दर. महिना १५,६०० वेतन धरा, भागिले २६ म्हणजे दिवसाला ६००, भागिले ८ म्हणजे तासाला ७५. जादा तासाचे १५०. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत रोज दोन तास जास्त थांबलात तर ३,००० रुपये झाले. नाताळ ते नवं वर्ष या काळात गोव्यातल्या हॉटेलांत किती तास काम चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. ते लिहून ठेवणारे मात्र सापडत नाहीत. वहीत तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहा. साधी वही पुरते. ‘त्याबदली ऑफ-सीझनला सुट्टी देऊ’ हे तोंडी आश्वासन जूनमध्ये कोणाला आठवत नाही.

कपाती कुठल्या चालतात याची यादी कायद्यात बांधलेली आहे : गैरहजेरी, दंड, नुकसान, मालकानं दिलेलं घर आणि मंजूर सोयी, उचल आणि कर्ज, आयकर, पीएफ आणि ईएसआय, कोर्टाचा आदेश, तुमच्या लेखी संमतीनं युनियनची वर्गणी आणि अशाच मोजक्या गोष्टी. सगळ्या मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. दंड हवा तेव्हा ठोकता येत नाही. ज्या चुकांना दंड आहे त्यांची मंजूर यादी आधी लावलेली हवी आणि महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर दंड नाही. ग्लास फुटले, बिल न देता गिऱ्हाईक पळालं, म्हणून सगळ्या वेटरांच्या पगारातून सरसकट कापणं बेकायदा आहे. नुकसानीची कपात करायची तर त्या माणसाच्या हलगर्जीनं नुकसान झालं हे दिसावं लागतं, त्याला खुलाशाची संधी द्यावी लागते, आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त नको.

स्टाफ रूमचं भाडं ही वेगळी डोकेदुखी. घर दिलं असेल तर कपात करता येते, पण किती हे आधी ठरलेलं आणि स्लिपवर दिसणारं असावं. एका खोलीत आठ जण आणि प्रत्येकाकडून पूर्ण भाडं, असा प्रकार असेल तर त्या ओळीचा फोटो जपून ठेवा.

पीएफ आणि ईएसआय

पीएफमध्ये तुमचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, उरलेले ३.६७ तुमच्या खात्यात. १५,००० पर्यंत वेतन असलेल्याला सदस्य करून घेणं सक्तीचं, आणि आधीपासून सदस्य असलेल्याला पगार वाढला म्हणून बाहेर काढता येत नाही. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले जायला हवेत. स्लिपवर कपात दिसते म्हणून पैसे भरले असं समजू नका. उमंग ॲपवर पासबुक उघडा आणि महिना-महिना जुळवा. कापून घेतलेले पण भरलेच नाहीत, हे उघडकीला येण्याचा हा एकच साधा मार्ग.

नोकरी बदलली की नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, काढू देऊ नका, जुनाच द्या. गोव्यात दर सीझनला नवं हॉटेल धरणाऱ्यांकडे तीन-तीन यूएएन असतात आणि पेन्शनसाठी लागणारी सेवेची वर्षं त्यांत विखुरतात.

ईएसआयला २१,००० ची मर्यादा. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. आपल्या १५,६०० च्या उदाहरणात तुमचे ११७ आणि मालकाचे ५०७ रुपये. एवढ्यात घरच्यांसह उपचार मिळतात. आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मडगावला ईएसआय इस्पितळ आहे. लोक या योजनेला नावं ठेवतात, रांगांना कंटाळतात, आणि त्यात तथ्य आहे. पण कारखान्यात बोट कापलं गेलं किंवा किचनमध्ये भाजलं तर पुढचं वेतन आणि अपंगत्वाचा लाभ देणारी दुसरी एवढी स्वस्त सोय नाही. म्हणून कार्ड कामाला लागतानाच काढून घ्या. अपघातानंतर घाईघाईत केलेली नोंदणी वादात सापडते.

सीझनची नोकरी, चवथीचा बोनस

ऑक्टोबर ते मे हा आपला सीझन. अनेक हॉटेलं आणि शॅक तेवढ्यापुरतीच माणसं घेतात. अशी नेमणूक करण्यात बेकायदा काही नाही. फक्त ती लेखी हवी, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असलेली. मुदतीच्या कामगाराला तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती द्याव्या लागतात. त्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्षाच्या सेवेवर त्या प्रमाणात मिळते. कायम कामगाराला मात्र पाच वर्षांची अट कायम आहे.

बोनसला २० माणसांची अट असली तरी कामगाराला वर्षात ३० दिवस काम केलेलं पुरतं. म्हणजे दोन महिने काम करून गेलेल्यालाही त्या प्रमाणात हक्क आहे. किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. वेतन २१,००० पर्यंत असेल तर तो लागू, आणि हिशेब ७,००० किंवा त्या कामाचं किमान वेतन यांपैकी जे जास्त असेल त्यावर. गोव्यात किमान वेतनच जास्त भरतं. ७,००० वर हिशेब करून चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी पाकीट हातात ठेवलं असेल तर ते मोजून घ्या. आर्थिक वर्ष मार्चला संपत असेल तर मालकाला ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. चवथीला मिळाला नाही म्हणून लगेच तक्रार होत नाही, ३० नोव्हेंबर उलटूनही नाही मिळाला तर होते.

आयकर : गोव्यातल्या नवरा-बायकोचं वेगळं गणित

आयकर केंद्राचा, दर देशभर सारखे. नव्या पद्धतीत पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण गोव्यात एक तरतूद अशी आहे जी बाहेरचे सीएही कधीकधी विसरतात.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात आजही कुटुंब आणि मालमत्तेच्या बाबतीत चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. त्यामुळे आयकर कायद्यात कलम ५ए आलं. पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, ठेवींवरचं व्याज, धंद्याचा नफा, मालमत्ता विकून झालेला नफा, दोघांत निम्मं-निम्मं वाटून आकारलं जातं. पगार मात्र ज्याचा त्याचाच. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद ठेवली आहे.

फोंड्यात हार्डवेअरचं दुकान असलेला नवरा, वर्षाचा नफा १४ लाख, बायको घर सांभाळते. दोघांच्या नावावर सात-सात लाख. नव्या पद्धतीत दोघांनाही कर शून्य. पण बायको शाळेत ९ लाख पगारावर असेल तर तिचं उत्पन्न १६ लाख झालं आणि कर आला. ही विभागणी फायद्याची असेल तेव्हा घ्यायची आणि नसेल तेव्हा सोडायची, अशी सवलत नाही. ती लागू असेल तर लागू.

पगारदारांना याचा त्रास ठेवींच्या व्याजापाशी होतो. मुदत ठेव नवऱ्याच्या नावावर, टीडीएस, म्हणजे बँकेनं आधीच कापलेला कर, नवऱ्याच्या पॅनवर, पण निम्मं व्याज बायकोच्या विवरणात. म्हणून विवरणाचा सोपा फॉर्म, आयटीआर-१, इथं चालत नाही. विभागणी करावी लागत असेल तर ‘शेड्यूल ५ए’ असलेला फॉर्म, साधारणपणे आयटीआर-२, भरायचा आणि टीडीएसचं श्रेयही त्याच प्रमाणात दाखवायचं. जोडीदाराचा पॅन लागतो, तो चुकला की नोटीस येते.

हे कोणाला लागू? गोव्याची नागरी संहिता ज्यांच्या लग्नाला लागू आहे त्यांना. रत्नागिरीचं जोडपं नोकरीसाठी म्हापशात राहायला आलं म्हणून त्यांना ५ए लागत नाही. शंका असेल तर विवाह नोंदणीचा दाखला घेऊन सल्लागाराकडे जा, तोंडी माहितीवर विवरण भरू नका.

मालकांसाठी

पहिला कामगार ठेवायच्या आधी पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना आणि १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी. गोवा ऑनलाइन पोर्टलवर बरीच कामं होतात. मालाची उलाढाल ४० लाखांवर किंवा सेवेची २० लाखांवर गेली की जीएसटी. गेस्ट हाऊस किंवा हॉटेल असेल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडेही जावं लागतं. दारूचा परवाना अबकारी खात्याचा. पेट्रोल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत, त्यांवर अजून व्हॅट आहे. एवढं पुरे, हे सगळं तुमचा अकाउंटंट तसाही सांगेल.

तो सांगत नाही ते कामगारांचं. नेमणूकपत्र द्या, मराठीत दिलं तरी चालेल. पगार बँकेतून द्या. रोख दिलात तर सही घ्या. हजेरी आणि वेतनाची नोंदवही ठेवा आणि स्लिप द्या. हे मी कामगारांच्या दयेपोटी लिहीत नाही. वेतन संहितेच्या कलम ५९ प्रमाणे पगार मिळाला नाही, कमी मिळाला, बोनस राहिला किंवा बेकायदा कपात झाली असा दावा आला, तर पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तुमची. ‘मी रोख दिले होते’ याला कागद नसेल तर ते दुसऱ्यांदा द्यावे लागतील. कमी वेतन दिल्याबद्दल पहिल्यांदा ५०,००० पर्यंत दंड. पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदी न ठेवल्याचा दंड वेगळा.

कंत्राटदार नेमलात म्हणून सुटका नाही. त्यानं पगार बुडवला तर ज्या आस्थापनेत माणसं राबली तिच्या मालकाला द्यावा लागतो. म्हणून त्याचं बिल मंजूर करण्याआधी आधीच्या महिन्याचं पीएफ, ईएसआयचं चलन आणि बँकेतून पगार गेल्याची यादी मागा. चलनातली नावं तुमच्या गेटवरच्या हजेरीशी ताडून बघा. नावं जुळत नसतात तिथं पुढची भानगड असते.

पैसे अडकले तर

आधी मालकाला लेखी विचारा. व्हॉट्सॲप चालेल, पण रक्कम आणि महिना स्पष्ट लिहा : ‘ऑगस्टचा पगार आणि २२ तासांचा ओव्हरटाइम बाकी आहे.’ ‘साहेब, बघा ना जरा’ असल्या मेसेजचा पुढं उपयोग होत नाही. मग पुरावा गोळा करा. बँक स्टेटमेंट, ओळखपत्र, ड्युटी रोस्टरचा फोटो, मॅनेजरचे मेसेज, तुमची ती वही. नेमणूकपत्र नसलं तरी यांतून नोकरी सिद्ध होते. दहावी-बारावीचे मूळ दाखले मालकाकडे अडकले असतील तर अर्जात त्याचाही उल्लेख करा. पुढच्या वेळी मूळ दाखला कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स पुरते.

त्यानंतर कामगार कार्यालयात अर्ज. गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद आहे, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका. दोन प्रती न्या, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. वेतनाचा दावा तुम्ही स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक असा कोणीही करू शकतो. मुदत तीन वर्षांची. दावा मान्य झाला तर राहिलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. कामावरून काढल्याचा वाद वेगळा. तो समेट अधिकाऱ्यापुढं न्यायचा, आणि तिथं दोनच वर्षं मिळतात. हे दोन्ही अर्ज एकत्र करू नका, निम्म्या वेळा त्यातला एक बाजूला पडतो.

पीएफ भरला नसेल तर तक्रार पीएफच्या ऑनलाइन तक्रार कक्षात, ईएसआयची त्यांच्या कार्यालयात. कामगार खातं त्यावर काही करू शकत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. औद्योगिक कामगाराला आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००.